मटण खातो म्हणजे सगळं मिळतं का? व्हीगन आहार, गोळ्या-पावडरी आणि आपलं रोजचं ताट

कडेगाव म्हटलं की लोकांना मोहरमचे उंच ताबूत आठवतात. मोहरमच्या दिवसांत घराघरात चोंगे होतात, खिचडा होतो, सरबत वाटलं जातं. त्या खिचड्याकडे जरा नीट बघा. गहू, दोन-तीन डाळी, गोश्त आणि तेल-तूप एकाच हंड्यात शिजतं. आहारशास्त्राचं पुस्तक ज्याला संतुलित जेवण म्हणतं, ते आपल्या आजी-नानींनी फार पूर्वीच जमवलं होतं. प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे. सकाळी चहा-बटर, दुपारी चपाती-बटाटा, संध्याकाळी पुन्हा चहा आणि रात्री भात-आमटी असं बहुतेक घरांत चालतं. गोश्त जुम्म्याला किंवा पाहुणे आले तर. तरीही आपण म्हणतो, “आपण नॉनव्हेज खाणारे, आपल्याला काय कमी पडणार?”

दुसरीकडे कॉलेजला जाणारी मुलं-मुली मोबाईलवर बघून घरी सांगतात, “अम्मी, मी आता व्हीगन.” काही पोरं जिममध्ये जाऊन प्रोटीन पावडरचा डबा आणतात. घरातल्या मोठ्यांना कळत नाही की रागवावं की समजून घ्यावं. शाळेत शिकवताना पालक हेच प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरं एका जागी मिळावीत म्हणून हा लेख.

शाकाहारी आणि व्हीगन यांत फरक काय?

आपल्या भागात शाकाहार नवा नाही. वारकरी, लिंगायत, जैन घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण या घरांत दूध, दही, ताक, तूप असतं. सांगली जिल्हा तर दुधाचाच. व्हीगन माणूस मांस, मासे, अंडी यांच्याबरोबर दूध, दही, तूप, लोणी, पनीर आणि मधही सोडतो. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या साथीदारांनी रूढ केला. त्यांनी काढलेली व्हीगन सोसायटी आजही काम करते.

भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०२२ साली व्हीगन अन्नासाठी वेगळे नियम केले आणि वेगळं चिन्ह दिलं. त्यामुळे पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे व्हीगन नव्हे. हिरवा ठिपका असलेल्या पदार्थात दूध किंवा मध असू शकतो.

ताटात किती काय असावं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मे महिन्यात भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं दिली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या मोठ्या माणसाचं ताट त्यात साधारण असं आहे:

– धान्य (ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, नाचणी): २५० ग्रॅम
– डाळी-कडधान्य, किंवा त्याऐवजी काही भाग अंडी-मांस-मासे: ८५ ग्रॅम
– भाज्या, पालेभाज्यांसह: ४०० ग्रॅम
– फळं: १०० ग्रॅम
– दूध किंवा दही: ३०० मिलिलिटर
– शेंगदाणे, तीळ, जवस, सुकामेवा: ३५ ग्रॅम
– तेल-तूप: २७ ग्रॅम

धान्य आणि डाळींची ही वजनं कच्च्या मालाची आहेत, शिजवलेल्याची नाहीत. आता आपलं ताट यासमोर ठेवा. धान्य आपल्याकडे जास्त होतं, तेलही जास्त होतं. कमी पडतात त्या डाळी, भाजी आणि फळं. बिर्याणीच्या दिवशी तर भाजी म्हणजे कांद्याच्या चार चकत्या! म्हणजे मांसाहारी घराचा आहारही असंतुलित असू शकतो आणि नीट विचार केलेला शाकाहारी आहार संतुलित असू शकतो. मांस आहे की नाही यापेक्षा रोजच्या ताटात विविधता किती, हे जास्त महत्त्वाचं.

प्रथिनं: डाळ-भाकरीतून मिळतात का?

मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. ५५ किलो वजनाच्या मुलीला म्हणजे साधारण ४६ ग्रॅम. यात मांस, अंडी, दूध काहीच धरलं नाही तरी हिशेब कसा बसतो बघा. दोन मोठ्या भाकऱ्यांना १६० ग्रॅम ज्वारीचं पीठ लागतं, त्यातून १६ ग्रॅम. ३० ग्रॅम तूरडाळीच्या आमटीतून ६ ते ७. ४० ग्रॅम मटकीच्या उसळीतून ८. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यातून ७. आणि २० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून १०. बेरीज ४७ च्या आसपास.

यातली कुठलीच वस्तू परदेशी नाही. मटकी, हुलगा, हरभरा, शेंगदाणा ही आपल्या कोरडवाहू रानातली पिकं. टेंभूचं पाणी आलं, रानात ऊस वाढला, हातात पैसा आला ही चांगली गोष्ट. पण हुलग्याचं माडगं आणि मटकीची उसळ ताटातून गेली असेल, तर ती विकत घेऊन का होईना परत आणायला हवी. डाळ आणि धान्य दोन्ही खाणं मात्र गरजेचं. धान्यात जे अमिनो आम्ल कमी असतं ते डाळीत भरपूर असतं, आणि डाळीतली कमी धान्य भरून काढतं. नुसत्या भातावर किंवा नुसत्या चपातीवर हे जमत नाही.

बी-१२: खरी अडचण इथे आहे

प्रथिनांचा प्रश्न सुटतो, पण बी-१२ या जीवनसत्त्वाचा सुटत नाही. हे फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात भरवशाचं असतं: कलेजी, मांस, मासे, अंडी, दूध. भाजी, डाळ, फळ यांत ते नसतं. इडलीचं आंबवलेलं पीठ किंवा स्पिरुलिनाच्या गोळ्या यांवर विसंबून राहता येत नाही. मोठ्या माणसाची रोजची गरज फक्त २.२ मायक्रोग्रॅम. पण ती भागली नाही तर थकवा, जीभ लाल होऊन झोंबणं, हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा, चालताना तोल जाणं असे त्रास सुरू होतात. फार उशीर झाला तर नसांचं नुकसान भरून येत नाही. शरीर बी-१२ यकृतात साठवतं, म्हणून दूध-मांस सोडल्यावर कमतरता दिसायला दोन-चार वर्षंही लागतात. “मला तर काहीच झालं नाही” असं पहिल्या वर्षी म्हणणाऱ्याने म्हणूनच गाफील राहू नये.

महाराष्ट्रात या विषयावर मोठं काम पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे तिन्ही गट त्यात होते. एकूण ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी निघालं. शाकाहारींमध्ये हा धोका मांसाहारींपेक्षा ४.४ पट होता. आता आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होतं, पण झोपडपट्टीतल्या गटातही ते ५१ टक्के होतं. म्हणजे हा प्रश्न कुठल्या एका वर्गाचा किंवा एका समाजाचा नाही. “आमच्यात खातात” एवढ्यावर कुणी निश्चिंत होऊ नये. आठवड्यातून एकदा, तेही सहा माणसांत अर्धा किलो गोश्त आणि घरच्या बाईच्या वाट्याला रस्साच, असं असेल तर त्या बाईला मांसाहारी म्हणायचं तरी कसं?

याच रुग्णालयाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. ज्या आईत गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, तिच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सगळ्यात जास्त दिसली. मधुमेहाकडे नेणारी ही वाट. आईच्या ताटाचा परिणाम लेकराच्या पुढच्या आयुष्यावर असा होतो.

म्हणून व्हीगन व्हायचंच असेल तर बी-१२ ची गोळी किंवा बी-१२ घातलेलं अन्न घ्यावंच लागतं, त्याला पर्याय नाही. स्वतः व्हीगन सोसायटीही हेच सांगते: रोज किमान १० मायक्रोग्रॅमची गोळी, किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅमची. आपल्यासाठी कुठली योग्य ते डॉक्टरांना विचारून ठरवा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनीही बी-१२ तपासून घ्यावं, मग ते मांस खात असोत वा नसोत. ते औषध बी-१२ चं शोषण कमी करतं.

लोह: मुलींच्या अंगातलं रक्त

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण ६८.९ टक्के. म्हणजे दोन बायांमागे एक आणि तीन बाळांमागे दोन. परिपाठाला उभी असताना चक्कर येऊन खाली बसणारी मुलगी, दुसऱ्याच तासाला बाकावर डोकं टेकणारी मुलगी प्रत्येक शाळेत असते. तिला आपण आळशी म्हणतो. खरं तर तिचं हिमोग्लोबिन तपासायला हवं. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली असेल तर रक्त कमी समजतात, गरोदर असेल तर ११ च्या खाली.

स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. मांसातलं, विशेषतः कलेजीतलं लोह शरीर सहज घेतं. बाजरी, हरभरा, हुलगा, तीळ, अळीव, पालेभाज्या यांतही लोह असतं, पण ते अंगाला कमी लागतं. त्यासाठी दोन साधे उपाय:

– जेवणात लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो असं काहीतरी आंबट ठेवा. त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं.
– जेवणानंतर लगेच चहा नको. निदान तासभर थांबा. चहातले घटक लोह अडवतात. आपल्याकडे दस्तरखान उचलायच्या आधीच चहाचं आधण चढतं. ही सवय मोडणं फुकटचं औषध आहे.

शाळेत सहावी ते बारावीच्या मुला-मुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते. त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. बऱ्याच मुली ती खिशात ठेवतात आणि घरी जाऊन टाकून देतात. मळमळतं म्हणून, शौच काळी होते म्हणून, किंवा “ही मुलं न होण्याची गोळी आहे” अशी अफवा ऐकून. अम्मी-अब्बांनी नीट समजून घ्यावं: ही रक्तवाढीची गोळी आहे. मुलं होण्या-न होण्याशी तिचा काही संबंध नाही. शौच काळी होणं नेहमीचं आहे. रिकाम्या पोटी न घेता जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. रमजानमध्ये रोजा असेल तर इफ्तारनंतर जेवून घ्या, पण सोडू नका. जंताची गोळीही वेळेवर घ्या. पोटात जंत असतील तर खाल्लेलं लोह जंतांच्याच कामी येतं.

कॅल्शियम आणि ड

मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ३०० मिलिलिटर दुधातून साडेतीनशेच्या आसपास मिळतं. दूध सोडलं तर नाचणी हा मोठा आधार, तिच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. तिळात त्याहून बरंच जास्त, पण ते सगळं शोषलं जात नाही. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी यांचाही उपयोग होतो. बदामाचं किंवा ओटचं दूध विकत घेत असाल तर त्यात कॅल्शियम वेगळं घातलंय का, हे पाकिटावर वाचा. घातलेलं नसेल तर ते नुसतं पांढरं पाणीच समजा.

ड जीवनसत्त्व मुख्यतः उन्हातून मिळतं. घरातच राहणाऱ्या आणि बाहेर पडताना अंग पूर्ण झाकणाऱ्या बायांना ते कमी पडू शकतं. गच्चीवर किंवा अंगणात, आडोशाला, हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ ऊन घ्यावं. कंबर, गुडघे, पाय सतत दुखत असतील तर तपासणी करून डॉक्टर सांगतील तेवढीच मात्रा घ्यावी. ड हे चरबीत साठणारं जीवनसत्त्व आहे, जास्त झालं की अपाय करतं.

पावडरी आणि गोळ्यांच्या बाजारात

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या तत्त्वांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच वर्षी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. सुमारे ७० टक्के डब्यांवर लिहिलेलं प्रथिनांचं प्रमाण चुकीचं निघालं. १४ टक्क्यांत बुरशीपासून होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष होतं. पोरानं त्या डब्यावर हजारो रुपये घालण्यापेक्षा रोज दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, वाटीभर हरभरे आणि ग्लासभर दूध घेतलं तर काम भागतं, वर पैसे उरतात.

ध्यानात ठेवायच्या आणखी चार गोष्टी:

– फॉलिक ॲसिड स्वतःच्या मनाने जास्त घेऊ नका. त्याने बी-१२ ची कमतरता झाकली जाते. रक्त सुधारल्यासारखं दिसतं, नसा मात्र आतून बिघडत राहतात.
– लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नका, एक दुसरीला अडवते. थायरॉईडच्या गोळीपासूनही दोन्ही चार तास लांब ठेवा.
– “पूर्ण नैसर्गिक”, “साइड इफेक्ट नाही” अशा जाहिरातीवर भाळू नका. पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि मुदत बघा.
– शेजारणीला लागू पडली म्हणून तिचीच गोळी आणू नका. आधी रक्त तपासा, मग गोळी.

हलालचा प्रश्न

“व्हीगन आहे म्हणजे हलालच ना?” असं अनेक जण विचारतात. मांस-चरबीची शंका व्हीगन पदार्थात राहत नाही, हे खरं. पण व्हीगन पदार्थात अल्कोहोल असू शकतं. काही इसेन्समध्ये ते असतं. म्हणून घटकांची यादी वाचायलाच हवी.

कॅप्सूलचं टरफल बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. जनावर कुठलं, हे पाकिटावर कळतंच असं नाही. वनस्पतीपासून केलेलं टरफलही मिळतं. त्यावर ‘एचपीएमसी’ किंवा ‘व्हेज कॅप्सूल’ असं लिहिलेलं असतं. शिवाय बी-१२, लोह, कॅल्शियम हे सगळं साध्या गोळीत किंवा पातळ औषधातही मिळतं. मेडिकलवाल्याकडे तसं मागा. ड-३ बहुतेक ठिकाणी मेंढीच्या लोकरीतल्या मेणातून काढतात, लायकेनपासून केलेलंही मिळतं. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलऐवजी जवसाची चटणी खाल्ली तरी ओमेगा-३ चा एक प्रकार मिळतो. मात्र डॉक्टरांनी गंभीर आजारासाठी दिलेली कॅप्सूल शंकेपोटी स्वतःहून बंद करू नका. आधी डॉक्टरांना पर्याय विचारा, मग आलिमांचा सल्ला घ्या.

मांस खाल्लंच पाहिजे असं बंधन दीनमध्ये नाही. आवड नाही म्हणून कुणी खात नसेल तर घरात वाद घालू नये. हलाल असलेली वस्तू हराम ठरवणं मात्र वेगळी गोष्ट, एवढं मुलांना समजावून सांगावं. हलालबरोबर तय्यब, म्हणजे स्वच्छ आणि चांगलं, हीही अट आहे हे आपण विसरतो. रोज कोल्ड्रिंक आणि कुरकुरे खाणाऱ्या मुलाचं अन्न हलाल असेल, पण तय्यब आहे का?

लहान बाळं आणि गरोदर बाया

इथे प्रयोग नकोत. आईत बी-१२ कमी असेल तर तिच्या दुधातही ते कमी उतरतं. अशी फक्त अंगावर पिणारी बाळं फिकी, मंद होतात, हसणं-बसणं विसरतात, हात-डोकं थरथरू लागतं. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक सुधारतात. वर्षाखालच्या बाळाला आईच्या दुधाऐवजी बदामाचं किंवा सोयाचं बाजारी दूध कधीही देऊ नये. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात १८० दिवसांच्या लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, त्या पूर्ण घ्याव्यात. ती दूध-मांस खात नसेल तर हे पहिल्याच तपासणीला डॉक्टरांना सांगावं.

अंड्याचा विचार करा

ज्यांना रोज गोश्त परवडत नाही त्यांच्यासाठी अंडं सगळ्यात सोयीचं. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं आणि थोडं बी-१२ असतं. राज्य सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं, आणि न खाणाऱ्यांना केळं, द्यायचं ठरवलं. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा राज्याचा निधी थांबला आणि ते लोकवर्गणीवर सोडलं गेलं. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात. गावातल्या दानशूरांशी बोलून अंडी आणि केळी पुन्हा सुरू करता येतील. इफ्तार पार्टीला जसा हात सैल सुटतो, तसा इथेही सुटावा.

घरात मात्र आजच एक गोष्ट करता येईल. जेवायला बसताना आधी घरातल्या मुलीच्या आणि सुनेच्या ताटात बघा. बोटी, अंडं, उसळ, लिंबाची फोड त्यांच्याही ताटात आहे का? नसेल तर कुठलीही गोळी आणायच्या आधी ते वाढा.